वर मागणाऱ्यांनो, सुरा कुणाच्या हातात आहे ते बघा!

“बाबासाहेबांच्या फोटोखाली बसून भुताखेताचे सिनेमे बघता? बावीस प्रतिज्ञा विसरलात काय?”

मागच्या डिसेंबरात आमच्या अभ्यासिकेच्या दारात उभे राहून एक ज्येष्ठ कार्यकर्ते असे कडाडले आणि लॅपटॉपभोवती कोंडाळे करून बसलेली पोरे-पोरी ओशाळली. दादांचा राग आम्हाला समजतो. देव, भूत, नवस, गंडेदोरे यांतून वस्तीला बाहेर काढण्यात त्यांची हयात गेली. पण आम्ही सिनेमा बंद केला नाही. उलट दादांनाच खुर्ची दिली. सिनेमा अकराला संपला आणि वाद दीडला. त्या वादातून हा लेख निघाला आहे. शेवट सांगितल्याशिवाय आमचा मुद्दा मांडता येत नाही, म्हणून ज्यांना सिनेमा आधी बघायचा असेल त्यांनी बघून मग वाचावे.

सिनेमाचे नाव ‘इट्स अ वंडरफुल नाइफ’. अमेरिकन, २०२३ चा. दिग्दर्शक टायलर मॅकइंटायर, लेखक मायकेल केनेडी. कॉलेजवयीन मुलांसाठीचा, दीड तासाचा भयपट. ही काही थोर कलाकृती आहे असा आमचा दावा नाही. मग त्यावर एवढा लेख कशाला?

आमचे म्हणणे थोडक्यात असे आहे. वर मागण्याच्या गोष्टी पिढ्यानपिढ्या आपल्याला शिकवत आल्या की माणसाच्या दुःखाला त्याची हाव जबाबदार आहे, नाहीतर त्याचे नशीब. या सिनेमात तशीच वर मागण्याची गोष्ट आहे, पण तिच्यात एक सुरा आहे. आणि सुरा आला की प्रश्नच बदलतो. नशिबाला हात नसतात. सुऱ्याला मूठ असते, आणि मुठीला मालक असतो.

गोष्ट अशी आहे

एंजल फॉल्स नावाचे एक छोटे अमेरिकन गाव. नाताळची आदली रात्र. गावातला बडा बिल्डर हेन्री वॉटर्स याला ‘वॉटर्स कोव्ह’ नावाचा मोठा प्रकल्प उभारायचा आहे. सगळ्यांनी मान डोलावली आहे, फक्त एक म्हातारा आपले घर विकायला तयार नाही. त्याच रात्री पायघोळ पांढरा झगा आणि देवदूताचा पांढरा मुखवटा घातलेला कुणीतरी त्या म्हाताऱ्याला भोसकून मारतो. मग त्याची नात कारा हिला मारतो. कारा ही विनीची जिवलग मैत्रीण. विनी कॅरदर्स ही आपली नायिका. खुनी विनीच्या भावावर धावून जातो तेव्हा ती मध्ये पडते आणि त्याला विजेचा झटका देऊन ठार करते. मुखवटा काढला, तर आत बिल्डर वॉटर्स!

साधा सिनेमा इथे संपला असता. हा इथे सुरू होतो.

एक वर्षानंतरचा नाताळ. गावाने सगळे पोटात घातले आहे. घरात झाड सजले आहे, भेटवस्तू वाटल्या जात आहेत, आणि विनीने मैत्रिणीचे नाव काढले की सगळ्यांची तोंडे कडू होतात. “किती दिवस तेच धरून बसणार?” हा सूर. गावाला वाचवणारी मुलगीच आता गावाच्या आनंदात खडा ठरली आहे. मनासारख्या कॉलेजात प्रवेश नाही, प्रियकरानेही दगा दिलेला. त्या रात्री आकाशात हिरवा-जांभळा ध्रुवीय प्रकाश पसरलेला असताना विनी म्हणते की मी जन्मालाच आले नसते तर बरे झाले असते.

आणि तिचा वर खरा होतो. गाव तेच, पण विनी त्यात कधी जन्मलीच नाही. आई-बाप तिला ओळखत नाहीत. तिचा भाऊ मेलेला आहे, कारण त्या रात्री मध्ये पडायला कुणी नव्हते. खुनी वर्षभर मोकाट आहे, मढी पडत आहेत, आणि वॉटर्स गाव गिळून बसला आहे. त्या जगात विनीवर विश्वास ठेवणारी एकच मुलगी भेटते, बर्नी. गावाने वेडपट ठरवून बाजूला टाकलेली, सगळ्यांनी हिणवलेली. या दोघी मिळून वॉटर्सला भिडतात, एकमेकींच्या प्रेमातही पडतात, आणि विनी आपल्या जगात परत येते.

पांढऱ्या झग्यात कोण आहे?

मुखवट्याचा खुनी आणि एकामागून एक मरणारी तरुण मुले, या प्रकाराला स्लॅशर म्हणतात. १९७८ चा ‘हॅलोवीन’, १९८० चा ‘फ्रायडे द थर्टीन्थ’, १९९६ चा ‘स्क्रीम’ ही त्या घराण्यातली मोठी नावे. शेवटी जिवंत उरून खुन्याला भिडणाऱ्या मुलीला कॅरल क्लोव्हर या अभ्यासक बाईंनी ‘फायनल गर्ल’ असे नाव दिले आणि तेच रूढ झाले. आणि अशा सिनेमांत काळे पात्र लवकर मरते, हा तिथल्या कृष्णवर्णीय प्रेक्षकांचा जुना आणि कडवट विनोद आहे. म्हणजे पडद्यावर कोण आधी मरणार हाही वर्णाचा प्रश्न असतो. पुढे त्याच भयपटाचे हत्यार जॉर्डन पील या कृष्णवर्णीय दिग्दर्शकाने हातात घेतले आणि २०१७ साली ‘गेट आउट’ काढून गोऱ्या उदारमतवाद्यांच्या दिवाणखान्यातले भय दाखवले. म्हणून दादा, भयपट म्हणजे नुसती अंधश्रद्धा नव्हे. समाजाला ज्याची भीती वाटते, आणि ज्याची वाटायला हवी पण वाटत नाही, त्या दोन्हींचा हिशेब तिथे मांडता येतो.

‘हॅलोवीन’मधला मायकेल मायर्स का मारतो, याला उत्तर नाही. तो जणू मूर्तिमंत दुष्टपणा आहे. ‘वंडरफुल नाइफ’मधल्या खुन्याला मात्र चोख कारण आहे: जमीन. पहिला मुडदा पडतो तो घर न विकणाऱ्याचा. हे ऐकून आमच्या अभ्यासिकेतली, झोपडपट्टी पुनर्वसनाच्या इमारतीत राहणारी एक मुलगी म्हणाली, “यात हॉरर काय आहे? हे तर आमच्याकडे चालूच असतं.” सगळे हसले. हसून झाल्यावर कुणी काही बोलेना.

आता झग्याकडे बघा. हा सिनेमा एका जुन्या सिनेमाच्या नावावर आणि सांगाड्यावर उभा आहे: फ्रँक काप्राचा १९४६ चा ‘इट्स अ वंडरफुल लाइफ’. त्यात जॉर्ज बेली हा सरळमार्गी माणूस एक छोटी कर्जसंस्था चालवतो. गोरगरिबांना पॉटर नावाच्या धनदांडग्याच्या खोपटांतून बाहेर काढून स्वतःची घरे बांधायला मदत करतो. पैशाच्या संकटात सापडल्यावर तोही म्हणतो, जन्मलोच नसतो तर बरे. तेव्हा क्लॅरन्स नावाचा देवदूत खाली येतो आणि त्याला दाखवतो की तू नसतास तर हे गाव पॉटरच्या घशात गेले असते. आज अमेरिकेत घरोघरी नाताळात लागणारा हा गोड सिनेमा. पण १९४७ साली अमेरिकेच्या एफबीआयच्या टिपणात त्याच्यावर संशय नोंदवला गेला होता! का? तर बँकवाल्या धनिकाला खलनायक दाखवणे ही कम्युनिस्टांची चाल आहे म्हणून. गरिबाला घर मिळावे एवढे म्हणणेसुद्धा सत्तेला खुपते.

१९४६ ला देवदूत वाचवायला आला होता. २०२३ ला देवदूताचा झगा खुन्याच्या अंगावर आहे आणि वाचवायला वरून कुणीही येत नाही. येते ती गावाने टाकलेली बर्नी. लेखक-दिग्दर्शकांच्या मनात काय होते ते त्यांना ठाऊक, पण आम्हाला या एका बदलासाठी हा सिनेमा महत्त्वाचा वाटतो. पावित्र्याचा वेश घालून फिरणारी हिंसा ओळखायला आपल्याला कुणी शिकवण्याची गरज नाही. आपल्या वाडवडिलांच्या कमरेला झाडू आणि गळ्यात मडके बांधणारी व्यवस्था स्वतःला पवित्रच म्हणवत होती.

माकडाचा पंजा आणि दोनशे पौंड

आता वर मागण्याच्या गोष्टींकडे येऊ. इंग्रजीतली या जातीची सर्वांत गाजलेली कथा म्हणजे डब्ल्यू. डब्ल्यू. जेकब्स यांची १९०२ सालची ‘द मंकीज पॉ’, माकडाचा पंजा. तिच्या पुढे असंख्य नकला झाल्या. २०१७ साली आलेला ‘विश अपॉन’ हा कॉलेजवयीन मुलांचा भयपट त्याच मुशीतला: चिनी पेटी, सात वर, आणि प्रत्येक वरामागे एक मुडदा.

या पंजाचा आपल्याशी थेट संबंध आहे. कथेत तो पंजा भारतातून येतो. इंग्रज फौजेतला एक सार्जंट-मेजर तो घेऊन येतो आणि सांगतो की एका म्हाताऱ्या फकिराने त्यावर मंत्र घातला आहे. कशासाठी? तर माणसाचे आयुष्य नशिबाच्या ताब्यात असते आणि त्यात ढवळाढवळ करणाऱ्याला पस्तावावे लागते, हे जगाला दाखवण्यासाठी. म्हणजे नशिबाचे तत्त्वज्ञान कुठून मागवायचे, तर भारतातून! त्या इंग्रज लेखकाला आपल्या देशाची ओळख तेवढीच दिसली, आणि त्या तत्त्वज्ञानाचे ठेकेदार पाहता तो फार चुकला असेही म्हणवत नाही.

पुढे काय होते? व्हाइट नावाचे साधे कुटुंब घराच्या कर्जासाठी दोनशे पौंड मागते. दुसऱ्या दिवशी कारखान्यातून एक माणूस येतो. त्यांचा एकुलता मुलगा यंत्रात सापडून मेला आहे. कंपनी कसलीही जबाबदारी मान्य करत नाही, पण त्याच्या कामाची कदर म्हणून काही रक्कम देत आहे. किती? दोनशे पौंड.

शंभर वर्षे वाचक इथे शहारतात आणि म्हणतात, बघा, पंजाने कसा सूड घेतला. आम्ही विचारतो, पोराला मारले कुणी? यंत्राने. यंत्राला आवरण होते का? पाळी किती तासांची होती? कंपनी जबाबदारी का झटकते? कथा यातले काहीच विचारत नाही. यंत्राने मारले आणि बिल पंजाच्या नावावर फाडले. आणि दोष कुणाचा? कर्ज फेडायला दोनशे पौंड मागणाऱ्या बापाचा!

मित्रांनो, ही गोष्ट आपल्या घरची आहे. हाताने मैला साफ करून घेण्यावर बंदी घालणारा कायदा २०१३ साली झाला. गटारात उतरून मेलेल्यांच्या वारसांना १० लाख रुपये द्या, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली सांगितले. ऑक्टोबर २०२३ मध्ये ती रक्कम ३० लाख केली. हा लढ्याचा विजय आहे, त्याला आम्ही कमी लेखत नाही. पण गटारात माणूस उतरवणारा ठेकेदार आणि त्याला ठेका देणारा अधिकारी यांच्याकडे बोट न दाखवता “त्याचं नशीबच तसं” म्हणणारी तोंडे आपल्या आजूबाजूला आहेत, आणि खरे सांगायचे तर आपल्या वस्तीतही आहेत. जेव्हा जेव्हा आपण ‘नशीब’ म्हणतो, तेव्हा तेव्हा कुणाच्या तरी हातातला सुरा पुसून देतो.

बाबासाहेबांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’मध्ये पूर्वजन्मीच्या कर्माच्या सिद्धांताची अशीच झडती घेतली आहे. गरीब माणूस गरीब आहे तो मागच्या जन्मीच्या पापामुळे, असे एकदा मानले की राज्याची आणि समाजाची जबाबदारी संपते. कुणाला तरी हे सोयीचे असते म्हणून ते शिकवले जाते. माकडाचा पंजा आणि पूर्वजन्मीचे कर्म ही एकाच कारखान्यातली दोन उत्पादने आहेत.

किसा गोतमीला बुद्धांनी वर दिला नाही

त्या इंग्रजी कथेत दुसरा वर आई बापाला मागायला लावते: माझा मेलेला मुलगा परत दे. रात्री दारावर थाप पडते. बाप घाबरून तिसरा वर मागतो आणि थाप थांबते. दार उघडावे तर रस्ता रिकामा. कथा संपते.

आपल्याकडे हीच आई अडीच हजार वर्षांपूर्वी बुद्धांकडे आली होती. किसा गोतमी. मेलेले लेकरू कडेवर घेऊन, औषध द्या म्हणत दारोदार फिरणारी. बुद्धांनी तिला वर दिला नाही, मंत्र दिला नाही, हाव केलीस म्हणून शिक्षाही दिली नाही. काम दिले. ज्या घरात कधी कुणी मेले नाही अशा घरातून मूठभर मोहरी आण म्हणाले. ती घरोघर गेली. मोहरी प्रत्येक घरात होती, पण मरण न पाहिलेले घर एकही नव्हते. प्रत्येक उंबऱ्यावर तिला आपल्यासारखेच दुःख झेललेला माणूस भेटला. संध्याकाळी तिने लेकराला निरोप दिला आणि धम्माच्या वाटेला लागली.

दोन्ही गोष्टी शेजारी ठेवा. एकीत दार उघडायची भीती आहे. दुसरीत प्रत्येक दार ठोठवायला सांगितले आहे. एक म्हणते, गप्प बसा, मागू नका, नाहीतर अनर्थ होईल. दुसरी म्हणते, ऊठ, माणसांत जा, दुःखाचे खरे रूप समजून घे. आमच्या मते ‘वंडरफुल नाइफ’ नकळत का होईना, या दुसऱ्या गोष्टीच्या जवळ जातो. विनीला तिच्या वराची शिक्षा म्हणून फक्त तडफडत ठेवलेले नाही. तिला दारोदार फिरावे लागते आणि समजते की आपल्या असण्याने काय काय अडले होते.

“मी जन्मालाच आलो नसतो तर”

आता ज्या कारणासाठी आम्ही हा लेख लिहायला बसलो ते कारण.

विनी ते वाक्य म्हणाली तेव्हा अभ्यासिकेतला एक मुलगा, एरवी सगळ्यांत जास्त बडबड करणारा, पडद्याकडे न बघता म्हणाला, “हे मी पण म्हटलंय. फर्स्ट इयरला. हॉस्टेलवर.” आम्ही सिनेमा थांबवला. त्याने सांगितले ते एवढेच: प्रवेश यादीत नाव कोणत्या रकान्यात आहे हे पहिल्या आठवड्यात सगळ्यांना कळले, आणि नंतर मेसमध्ये त्याच्या टेबलावर कुणी बसेना. कुणी शिवी दिली नाही. कुणी हात उगारला नाही. नुसते कुणी बसेना.

त्याच्या बाबतीत सुरा कुठे होता? दिसत नाही ना? म्हणूनच तो अधिक धारदार असतो.

१७ जानेवारी २०१६ ला रोहित वेमुला गेला. २०१९ च्या मे महिन्यात मुंबईत डॉ. पायल तडवी गेली. प्रत्येक वेळी चर्चा काय झाली? मुलगा हळवा होता. मुलीला ताण सहन झाला नाही. जातीचा दाखला खरा की खोटा. म्हणजे विनीच्या गावाने जे केले तेच: मुडदा कुणी पाडला हे सोडून, रडणाऱ्याचे मन कमकुवत कसे याची चौकशी. दिल्लीच्या ‘एम्स’मधल्या भेदभावाबद्दल थोरात समितीने २००७ सालीच अहवाल दिला होता. माहिती नव्हती असे कुणी म्हणू शकत नाही.

समाजशास्त्र शिकताना आम्ही दुर्खाइम वाचला. आत्महत्या ही वरवर अगदी खाजगी वाटणारी गोष्ट असली तरी तिची मुळे समाजात असतात, हे त्याने १८९७ साली मांडले. पण आम्हाला ते खरे समजले पुस्तकातून नव्हे, मेसच्या त्या रिकाम्या टेबलावरून. ‘जन्मलोच नसतो तर’ हे वाक्य आपल्या पोरांच्या मनात उगवत नाही, ते पेरले जाते. पेरणारे हात असतात.

म्हणून अशा वेळी त्या मुलाला “तू शूर हो, बाबासाहेबांचा वाघ आहेस” एवढेच सांगून निघून जाणारा कार्यकर्ता अर्धेच काम करतो. वाघालाही जखम होते. आधी ऐकून घ्या. त्याच्या टेबलावर जाऊन बसा. मन फार खचले असेल तर शासनाची टेलिमानस हेल्पलाइन आहे, १४४१६, तिथे मराठीतही बोलता येते. डॉक्टरकडे जाणे हा दुबळेपणा नाही. आणि त्याच वेळी तारीखवार नोंदी ठेवा, लेखी तक्रार करा, पोच घ्या, अनुसूचित जाती-जमातींसाठीच्या कक्षाला जाब विचारा, गरज पडली तर १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदा आहेच. जखमेवर फुंकर आणि सुऱ्यावर हात, दोन्ही कामे एकाच वेळी करायची असतात.

दादांचा प्रश्न

एवढे सगळे बोलून झाल्यावर दादा, जे सुरुवातीला कडाडले होते आणि नंतर खुर्ची पुढे ओढून बसले होते, ते म्हणाले, “हे सगळं पटलं. पण मला एक सांगा, पोरीला एकटीलाच का लढावं लागलं? गाव काय करत होतं?”

दादांनी सिनेमाची दुखती नस धरली. वॉटर्सपुढे गाव गप्प का, याला सिनेमा उत्तर देतो ते मोहिनीचे. त्याने लोकांना जणू भारून टाकले आहे, असे तो शेवटाकडे सुचवतो. इथे आमचा आणि सिनेमाचा रस्ता वेगळा होतो. इतका वेळ हाडामांसाचा असलेला खुनी ऐन वेळी जादूगार होतो आणि गाव निर्दोष सुटते. ज्या गावाला प्रकल्पातून दुकाने मिळणार, नोकऱ्या मिळणार, जमिनीचा भाव वाढणार, त्या गावाला भारून टाकावे कशाला लागते? खैरलांजीत २९ सप्टेंबर २००६ ला भोतमांगे कुटुंबातली चार माणसे मारली गेली तेव्हा गावावर कुणी मोहिनी घातली होती? त्या वादाच्या मुळाशीही जमीन होती. गाव भारलेले नव्हते, गाव सामील होते किंवा गप्प होते, आणि दोन्हींत त्याचा फायदा होता. जात ही जादू नाही. ती हितसंबंधांची मांडणी आहे. जादू उतरायची वाट बघता येते, हितसंबंध मोडावे लागतात.

दुसरी उणीव त्याच्याशीच जोडलेली. सिनेमाचा सगळा भार एका मुलीच्या अंगावर आहे. विनी असली तर गाव वाचते, नसली तर बुडते. ‘फायनल गर्ल’ या कल्पनेतच ती खोट आहे: सगळे मेल्यावर उरलेली एकटी. आपल्या चळवळीलाही ही खोड आहे, हे कबूल करू या. एक नेता येईल, एक मसीहा येईल, म्हणून वाट बघत बसणे हेही वर मागणेच आहे. बाबासाहेबांनी संघटित व्हा म्हणून सांगितले आणि आपण जयंतीच्या मिरवणुका आळीआळीत वेगवेगळ्या काढतो! विनी एकटी जिंकली नाही, तिला बर्नी भेटली, एवढे श्रेय सिनेमाला देऊ. पण दोघींचे दोनशे झाले असते तर वॉटर्सला दुसऱ्या वर्षी झगा घालायची हिंमत झाली असती काय?

आपला पंचवीस डिसेंबर

सिनेमा नाताळच्या रात्री घडतो. आपल्यासाठीही २५ डिसेंबरला एक अर्थ आहे. १९२७ साली त्याच दिवशी महाडला मनुस्मृती जाळली गेली. त्याआधी २० मार्चला चवदार तळ्यावर बाबासाहेबांनी ओंजळभर पाणी घेतले आणि त्यांच्यामागून हजारो माणसांनी घेतले.

वर मागणाऱ्याची आणि हक्क घेणाऱ्याची ओंजळ दिसायला सारखीच असते, पण एक आकाशाकडे उघडी असते आणि दुसरी पाण्यात बुडलेली असते. महाडला जमलेल्यांनी “आम्हाला पाणी मिळू दे” असा नवस केला नाही. तळ्यापर्यंत चालत गेले. परतताना त्यांच्यावर लाठ्याकाठ्या चालल्या, डोकी फुटली. पण कुणीही म्हटले नाही की बघा, नशिबात ढवळाढवळ केली म्हणून हे भोगावे लागले. लाठी कुणाच्या हातात आहे ते त्यांनी ओळखले होते, आणि ती ज्या पुस्तकातून येते तेही ओळखले होते. म्हणून डिसेंबरात ते पुस्तकच जाळले.

तेव्हा तरुण मित्रमैत्रिणींनो, भयपट बघा, बेलाशक बघा. फक्त बघताना तीन प्रश्न विचारा. किंमत कोण मोजतो आहे? फायदा कुणाला होतो आहे? आणि मुखवट्याआड कोण आहे? हेच तीन प्रश्न मग वर्तमानपत्र वाचताना विचारा, कॉलेजची प्रवेश यादी बघताना विचारा, वस्तीत बिल्डरची माणसे सह्या घ्यायला आली की विचारा.

आमच्या अभ्यासिकेतला तो मुलगा आता तिसऱ्या वर्षाला आहे. यंदा नव्याने आलेल्या मुलांच्या टेबलावर पहिल्या दिवशी तो स्वतः जाऊन बसला. येत्या २५ डिसेंबरला अभ्यासिकेत पुन्हा सिनेमा लावायचा आणि त्यानंतर महाडवर चर्चा करायची असे ठरले आहे.

प्रास्ताविक दादा करणार आहेत.

जय भीम!
नमो बुद्धाय!